पाहुण्याचा ओटा

६ जानेवारी

बाबा,

नमस्काराची ओळ मुद्दाम गाळली आहे. लिहिली असती तर खोटी झाली असती, आणि मला या पत्रात एक खरी गोष्ट विचारायची आहे. आई मागच्या खोलीत स्वयंपाकघर करून घेते आहे. कोणासाठी, ते तुम्हाला माहीत आहे का?

फोनच केला असता, पण तुम्ही तो उचलत नाही. उन्हाळ्यापासून उचललेला नाही. पत्राला निदान उत्तर येतं, दोन ओळींचं का असेना.

मागची खोली म्हणजे गल्लीकडे दार असलेली, आईचे गणवेशाच्या कापडाचे गठ्ठे जिथे असायचे ती. तिने ते गठ्ठे एकटीने ओढत पुढच्या खोलीत आणले. आता मशीनपर्यंत पोचायचं तर कापडाचा डोंगर ओलांडावा लागतो. मग मला म्हणाली, "घरं सजवायची पदवी घेतलीस ना? हे घे पहिलं काम. पाहुण्यांची खोली करायची. मोरी आहेच. या भिंतीला छोटं स्वयंपाकघर बसव. पैसे बेताचे आहेत, पण दिसायला झकास हवं. आत येणाऱ्याने दारातच थबकायला हवं."

आपल्याकडे पाहुणे येतात कुठे? मामा येतो, तो आमच्याच ताटात जेवतो आणि आमच्याच टॉवेलला हात पुसतो. आणि पाहुण्याला लोक चहा विचारतात, बाबा. शेगडी काढून देत नाहीत.

आम्हाला कॉलेजात पहिल्या दिवशी शिकवलं होतं: आधी माणूस, मग माप. खोली कोणाची आहे ते कळल्याशिवाय रेघ मारायची नाही. हे एक वाक्य मी खरोखर मानते. म्हणून पेन्सिल घेऊन आईसमोर बसले.

"कोण राहणार?"

"पाहुणे."

"बाई की पुरुष?"

"पाहुणे गं."

"किती दिवस?"

"पाहुणे राहतात तितके दिवस."

"बरं, ओटा किती उंच?"

याचं उत्तर मात्र तयार होतं. "अडतीस इंच."

आमचा ओटा बत्तीस इंचांचा आहे. आई आणि मी त्याच्याशी सुखाने उभ्या राहतो. मामा तर आमच्याहून बुटका. अडतीस इंचांचा ओटा सहा फुटी माणसाला लागतो, आणि आपल्या ओळखीत अशी माणसं दोनच. एक तुम्ही. तुमचा प्रश्न येत नाही, कारण तुमचं नाव निघालं की आई मशीन असं दामटते की पुढचं बोलणं ऐकूच येत नाही. माझ्या प्रवेशाच्या वेळी तुम्ही म्हणाला होता, "शिकून काय दिवे लावणार, शेवटी ओट्याशीच उभी राहणार ना?" त्यावर आई म्हणाली होती, "मग तुम्ही माझ्या ओट्याशी उभे राहू नका." तुम्ही तुमच्या सुऱ्या फडक्यात गुंडाळल्या आणि परगावच्या कारखान्याच्या खानावळीत स्वयंपाकी म्हणून निघून गेलात. माझी पदवी झाली तरी आला नाहीत. तेव्हा तुम्ही वजा.

दुसरं कोण, ते अजून लिहीत नाही. आधी खात्री करते.

२० जानेवारी

बाबा,

उत्तर मिळालं. "प्रकृती उत्तम आहे. काळजी नसावी. ओट्याची उंची नक्की किती ठरली ते कृपया पुन्हा कळवावे."

मी त्या "उत्तम"वरच अडले. तुम्ही आयुष्यात कशालाही उत्तम म्हणालेले नाहीत. तुमची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "चालेल". आणि "कृपया"? मला? अक्षराबद्दलही बोलायचं आहे, पण ते नंतर.

ओट्याची उंची कशाला हवी तुम्हाला? अडतीस. लिहिली होती, तीच आहे. तुम्ही काही जाणता आणि लपवता आहात का? आई आणि तुम्ही बोलत नाही असं मी धरून चालले आहे. ते खरं आहे ना?

आधी माझा संशय मामावर होता. जुनी घरं पाडली की तिथलं सामान घेऊन विकायचा त्याचा धंदा अजून चालू आहे. आईने सांगताच तो हातगाडीभर सामान फुकट घेऊन आला. मामा आणि फुकट, हे दोन शब्द मी एका वाक्यात प्रथमच लिहिते आहे. मी त्याला गाठलं आणि म्हटलं, "मामा, तू इथे राहायला येतोयस का?"

"मी? आणि ताईच्या हाताखाली?" तो म्हणाला. "त्यापेक्षा गोदामात उंदरांबरोबर राहीन. ते निदान पाय पुसून ये म्हणत नाहीत."

"मग कोण येतंय?"

तो लगेच फरशा मोजायला लागला. मामाला काही लपवायचं असलं की तो काहीतरी मोजतो.

काम मात्र चांगलं चाललं आहे आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कमी पैशात देखणं करायचं तर एकाच गोष्टीवर हात सैल सोडायचा आणि बाकी सगळं गप्प ठेवायचं. ओट्याला मामाने आणलेलं एक जुनं दार आडवं टाकलं आहे, चांगलं जाडजूड लाकूड. सुतारकाकांनी रंधा मारला तेव्हा आतून मधासारखा रंग निघाला. खालची कपाटं तीन वेगळ्या घरांतली, तिन्हींचे चेहरे वेगळे. सगळ्यांना एकच गडद हिरवा रंग दिला, आता सख्खी भावंडं वाटतात. भिंतीला पांढऱ्या फरशा, वेगवेगळ्या लॉटमधल्या, म्हणजे पांढऱ्याच्या चार छटा. मी त्या मुद्दाम मिसळल्या. सकाळचं ऊन आलं की भिंत हलते आहे असं वाटतं. आईच्या जुन्या मशीनच्या लोखंडी पायांवर फळी टाकून जेवायचं टेबल केलं आहे.

हात सैल सोडायचा होता तो दिव्यावर. ओट्यावर लटकणारा तांब्याचा दिवा मी बघून ठेवला होता. आई म्हणाली, "दिवा नको. नळ चांगला घे. लांब दांड्याचा, कोपराने ढकलला तरी चालू होणारा." पैसे नळात गेले.

तिच्या अटी ऐका. कपाटांना गोल मुठी नकोत, मनगट अडकवून ओढता येतील असे कापडी पट्टे हवेत. भिंतीवर उंच काही नको, सगळं खाली, खणांत. शेगडी विजेची, आपोआप बंद होणारी. आणि शेगडी व सिंक यांत कुठे पायरी नको, भांडं सरकवत नेता आलं पाहिजे, उचलावं लागता कामा नये.

कोण हा लाटसाहेब, बाबा, ज्याला साधं भांडंसुद्धा उचलायचं नाही?

७ फेब्रुवारी

बाबा,

आता नाव लिहिते. बटणवाले.

तुम्ही त्यांना पाहिलं असेल. आईला बटणं, चेन आणि दोऱ्याची रिळं पुरवतात. सहा फूट, पुढचे केस गेलेले, बोलणं मऊ. पूर्वी दारातून पिशवी देऊन जायचे. परवा खोलीत आले, ओट्याशी उभे राहिले, दोन्ही हात लाकडावर टेकले आणि म्हणाले, "वा. अगदी माझ्या मापाचं झालंय."

आई हसली. मी तिला असं हसताना फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

दुसरा पुरावा. आई दर गुरुवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून जाते ती दिवेलागणीला येते. कुठे गेलीस म्हटलं तर "माप घ्यायला". कोणाचं माप घ्यायला दर गुरुवारी जावं लागतं? माणूस काय दर आठवड्याला वाढतो? परत येते तेव्हा तिच्या अंगाला औषधी साबणाचा वास असतो. बटणवाल्यांच्या अंगालाही कसलातरी साबणाचा वास येतोच. मी हुंगून पाहिलं.

माझं म्हणणं नीट समजून घ्या. आईने पुन्हा कोणाचा आधार शोधला तर मी आड येणार नाही. माझा तेवढा विचार झालेला आहे. पण मला खोटं सांगून, पाहुणे म्हणून, माझ्याच हाताने ती खोली करून घ्यायची, हे मला सहन होत नाही. घर आमचं. निदान विचारायचं तरी.

आता अक्षराबद्दल. तुमचं अक्षर घाईने चिरलेल्या भाजीसारखं होतं, उभं आणि टोकदार. गेली चार-पाच पत्रं गोल गोल, एकसारख्या मण्यांच्या अक्षरात आली आहेत. हे बाईचं अक्षर आहे. म्हणजे तुमच्याकडेही कोणी आहे. छान. जी कोणी हे वाचते आणि लिहिते तिला माझा निरोप: बाई, दुसऱ्याच्या घरात शिरायचं असेल तर निदान स्वतःच्या नावाने पत्र लिहावं.

आणि मी काय केलं तेही सांगते, कारण मी तुमच्या दोघांसारखी लपवणारी नाही. आई आज गुरुवारची बाहेर गेली तेव्हा मी सुतारकाकांना कपाटांचे पाय कापायला लावले. ते म्हणाले, "आईंनी अडतीस सांगितलंय."

मी म्हटलं, "काका, आर्किटेक्ट कोण आहे इथे?"

ते म्हणाले, "आर्किटेक्ट नाही, डेकोरेटर," पण कापले.

ओटा आता चौतीस इंचांवर आहे. राहायला येणाऱ्या साहेबांना भाजी चिरताना कंबर वाकवावी लागेल. वाकू दे. या घरात यायचं तर थोडं वाकून यावं.

१८ फेब्रुवारी

बाबा,

उत्तर आलं नाही. बाईंना राग आला वाटतं.

आई खोलीत फिरकलेली नाही, शाळेची मोठी ऑर्डर आहे. फक्त काल सुतारकाकांना एक विचित्र काम सांगून गेली: कांदे चिरायची फळी करा आणि तिच्यात खालून दोन खिळे ठोका, टोकं वर आलेली.

"वर?" काकांनी मला विचारलं. "म्हणजे हाताला लागतील अशी? पाहुणा लवकर जावा म्हणून का?"

मला हसू आलं नाही. मी ती फळी हातात घेऊन बराच वेळ बसले. देखण्या स्वयंपाकघरात खिळ्यांची फळी कोणाला हवी असते? मला आता आईचीच भीती वाटायला लागली आहे.

तुम्ही तरी काही लिहा.

२२ फेब्रुवारी

बाबा,

काल गुरुवार होता. आई नेहमीपेक्षा लवकर आली. खांद्यावरची पिशवी न उतरवता सरळ मागच्या खोलीत गेली. मी मागोमाग. तिने गळ्यातली टेप काढली, ओट्याला लावली आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"चार इंच कुठे गेले?"

मी म्हटलं, "बटणवाल्यांना जरा वाकायची सवय होऊ दे म्हटलं."

ती वळली. मला वाटलं आता ओरडेल. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हताच, तिला अर्थच लागत नव्हता.

"बटणवाले? त्यांचा काय संबंध?"

"मग त्या दिवशी हसलीस कशाला?"

"हसू नको तर काय करू? ते ओट्याला टेकून उभे होते आणि तू दारात चौकीदारासारखी. त्यांना चार नातवंडं आहेत, बायको आहे, ती त्यांना अजून घरात बूट घालू देत नाही." मग ती टेबलाजवळ बसली. "म्हणजे तुला माहीत नव्हतं. त्यांना वाटलं तुला कळलंय. कळल्यावर तू मुद्दाम कापलेस."

"कोणाला वाटलं?"

ती उठली, टोपलीतला एक कांदा घेतला, ती खिळ्यांची फळी ओट्यावर ठेवली. उजवा हात पाठीमागे नेऊन कमरेला धरला. डाव्या हाताने कांदा खिळ्यांवर दाबून बसवला, सुरी त्याच हातात घेतली आणि कापायला लागली. जमत नव्हतं तिला. सुरी घसरत होती, कांदा मात्र जागचा हलत नव्हता.

"तुझे बाबा असा कापतात आता," ती म्हणाली. "उन्हाळ्यात झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. म्हणून फोन घेत नाहीत. खानावळीतल्या हिशेबनिसाने मला कळवलं. तेव्हापासून दर गुरुवारी त्यांच्याकडेच जाते."

"आणि ते गोल अक्षर?"

"त्याचंच. अक्षर गोल आहे आणि पोटही. तुझं ते बाईचं वाक्य त्याने त्यांना दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मोठ्याने, दुसऱ्यांदा हळू."

बाबा, मी नळाचा दांडा कोपराने ढकलून पाहिला.

सगळं एकदम जागेवर आलं. कोपराचा नळ, मनगटाचे पट्टे, सरकणारं भांडं. माणसाचं सगळं माप माझ्यासमोर मांडलेलं होतं आणि मी माणूस सोडून सगळ्यांवर संशय घेत होते. मला शिकवलेलं एकमेव वाक्य मी उलटं करून वापरलं. माप घेतलं आणि ते कोणाला तरी टोचावं म्हणून कापलं.

मी आईला विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "त्यांनीच सांगू नको म्हटलं होतं. पण मी त्यांचं ऐकते असं समजू नकोस. तुला सांगितलं असतं तर तू दवाखाना बांधला असतास. भिंतीला लोखंडी दांडे, घसरू नये म्हणून रबर, दयेचा रंग. मला स्वयंपाकघर हवं होतं. तो माणूस आयुष्यभर लोकांना जेवू घालून स्वतः उभ्याने खात आला. त्याला आत आल्यावर थबकावंसं वाटलं पाहिजे, रडावंसं नाही."

"म्हणजे तू त्यांना परत घेतलंस."

तेव्हा तिने मशीन दामटताना करते तसा चेहरा केला. "घेतलं कोणी? पाहुणे म्हणून येतील. माझ्या ओट्याशी उभं राहायचं नाही, हे मी एकदा बोललेय आणि ते तसंच आहे. त्यांना त्यांचा ओटा देतेय. मध्ये दार आहे, त्याला कडी आहे, आणि कडी माझ्या बाजूला आहे."

मग म्हणाली, "आता ते येत नाही म्हणतात. जिभेने नीट बोलता येत नाही, तर बोटं दाखवली. तीन आणि चार. चौतीस. 'पोरीने खाली केला,' एवढंच कसंबसं म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले."

ओट्याची उंची तुम्ही पुन्हा का विचारली होती, ते मला आता कळतं. आई म्हणते, तोवर तिने तुम्हाला खोलीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. तुम्हाला ते माझ्या पत्रातून कळलं. अडतीस वाचलं आणि तुम्ही स्वतःला ओळखलंत. खात्री नव्हती म्हणून पुन्हा विचारलंत. आणि मी खात्री करून दिली, आणि मग काढून घेतली.

तो ओटा मी तुमच्यासाठी खाली केला नव्हता. तुमच्यावर रागावलेली होते आणि अजून थोडी आहे, पण तो राग मी तोंडावर सांगते. पाय कापून नाही.

५ मार्च

बाबा,

सुतारकाका काल पुन्हा आले. म्हणाले, "आज काय, डेकोरेटर? वर की खाली?" मी म्हटलं, "वर. आणि हसू नका." ते हसले.

कापलेले तुकडे त्यांनी चुलीत घातले होते, त्यामुळे नवे लाकडी ठोकळे करावे लागले. कपाटं हिरवी आहेत, ठोकळे साध्या लाकडाचे. काका म्हणाले, रंग मारून टाकू, कळणार नाही. मी नको म्हटलं. ओट्याखाली आता सगळीकडून चार इंचांची फिकट पट्टी दिसते. दिसू दे. दिसायला वाईट नाही, उलट कपाटं जमिनीपासून सुटल्यासारखी हलकी वाटतात. आणि मी काय केलं होतं ते रोज माझ्या डोळ्यांसमोर राहील.

एका कपाटाचं दार काढून टाकलं आहे, आत स्टूल सरकतं. थकलात तर बसा. हे आईने सांगितलेलं नाही, हे माझं आहे. दांडा एकही लावलेला नाही, रबर नाही. शपथ.

आई काल खोलीत आली. टेप लावली, अडतीस मोजले. मग मधल्या दाराची कडी बघत उभी राहिली. ती घट्ट बसते म्हणून तेल घालायला मला सांगितलं. मी विचारलं, "बंद होताना घट्ट बसते की उघडताना?" तिने मशीन सुरू केलं.

तुम्ही म्हणाला होता, शिकून शेवटी ओट्याशीच. खरं झालं. मी पदवी घेतली आणि एक ओटाच केला. पण असा ओटा न शिकता झाला नसता, आणि हे तुम्ही त्याच्याशी उभं राहून एकदा कबूल करावं असं मला वाटतं. ते बोलता नाही आलं तरी हरकत नाही, मान हलवा. मी तुमची मान ओळखते.

हिशेबनीस काका, हे तुम्ही वाचून दाखवत असाल तर त्या बाईंच्या वाक्याबद्दल मला क्षमा करा. तुमचं अक्षर खरंच सुरेख आहे. पण या पत्राचं उत्तर तुम्ही लिहायचं नाही.

बाबा, ते तुम्ही लिहा. डाव्या हाताने. वाकडं येईल, मोठं येईल, एका पानावर एक शब्द मावेल. येणार की नाही, एवढंच लिहा. "उत्तम" वगैरे नको. मला अजून तुमच्या दोघांच्या कोणत्याच वाक्यावर पूर्ण विश्वास बसत नाही. पण डाव्या हाताने लिहिलेल्यावर बसेल. त्या हाताने खोटं लिहायला फार वेळ लागतो.